काटा अर्ध्यावर होता

माझा नवरा फारुक जहाजावर इंजिनखात्यात कामाला. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, आणि उरलेले आमच्या नाटे गावच्या घरी, माझ्या डोक्यावर. लग्नापासून मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, तेव्हा इथंही मी ‘हे’च म्हणणार. ह्यांचा एक स्वभाव आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. ह्यांना मोडलेली वस्तू बघवत नाही, आणि नीट चाललेली तर त्याहून बघवत नाही. सुट्टीवर आले की आधी झोप काढतात, झोप झाली की पाना घेऊन घरभर फिरतात. माझं शिलाई मशीन ह्यांनी एकदा ‘सर्व्हिस’ केलं, तेव्हापासून ते मन मानेल तसं शिवतं. पण बोलायची सोय नाही. मोठमोठ्या जहाजांची इंजिनं सांभाळणारा माणूस, त्याला मी काय सांगणार?

आमच्याकडे एक जुनी फियाट होती. घर समुद्राला लागून, त्यामुळे खाऱ्या वाऱ्यानं तिचा पत्रा जागोजागी खाल्लेला. तिचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं ‘फुल’वर अडकलेला होता. टाकी भरलेली असो की कोरडी, काटा आपला वरच, लग्नातल्या मानकऱ्यासारखा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. मागचं झाकण उघडायचं, माडाच्या झापाची एक लांब हीर, म्हणजे पातीच्या मधली काडी, टाकीत सोडायची, आणि ती किती भिजली ते बघून पेट्रोलचा अंदाज घ्यायचा. हे जहाजावर असले की शेजारचा आमीर आमची गाडी चालवायचा, तोही तसंच करायचा. एकदाही कुणी रस्त्यात अडकलं नाही.

दोन हजार दोन सालच्या पावसाळ्यानंतर हे सुट्टीवर आले आणि त्या काट्याच्या मागे लागले. टाकीत एक तरंगणारा गोळा असतो. पेट्रोल खाली गेलं की तो खाली जातो आणि समोरचा काटा त्याच्याबरोबर हलतो, असं ह्यांनी मला जेवताना समजावलं. तो गोळा आणि त्याची तार खाऱ्या हवेनं सडली होती. मुंबईच्या जुन्या बाजारातून ह्यांनी दुसरी आणली होती, ती बसवली, आणि काटा खरोखरच हलला. हे इतके खूश झाले, की शेजारच्यांना बोलावून दाखवला.

तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण गोळा सडला कशानं, याचा विचार ह्यांच्या डोक्यात शिरला. झाकणातून खारी हवा आत जाते, पावसाचं पाणी जातं, असं ठरलं. मग ट्रकच्या ट्यूबचं रबर गोल कापून झाकणाला बसवलं, आतून जहाजावर भेगा बुजवायला वापरतात ती पांढरी लांबी भरली, वरून ग्रीस.

“आता बघ,” हे म्हणाले. “डेकवरच्या टाकीचा झाकण असा असतो. अख्खी लाट अंगावर आली तरी थेंब आत जायचा नाय.”

“आपल्याला फियाट काय समुद्रात घालायची हाय?” मी म्हटलं.

हे नुसते हसले आणि आमची हीर मोडून चुलीत टाकली. आता काडीचं काम नाही म्हणाले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. शब-ए-बरात तोंडावर आली होती आणि मी घर साफसफाईला काढलं होतं. आमची एकुलती एक मुलगी मनाल रत्नागिरीला कॉलेजात शिकायची, सुट्टी म्हणून घरी आलेली. कुंपणाचं काम झाल्यावर उरलेले चिरे मागच्या अंगणात रचून ठेवले होते, ते एका बाजूला लावते म्हणाली. मी आत भांडी घासत होते. तिनं हाक मारली ती मोठ्यानं नव्हतीच. नुसतं म्हणाली, “अम्मी, पायाला कायतरी चावला.”

बाहेर गेले तर ती चिऱ्यांपासून लांब उभी होती आणि चिऱ्यांमधून आवाज येत होता. बारीक, कोरडा, सुक्या लाकडावर करवत फिरवल्यासारखा. आमच्याकडे हा आवाज पोरासोरांनाही ठाऊक असतो. फुरसं वेटोळं घालून अंगावर अंग घासतं तेव्हाच तो येतो. साप दिसायच्या आधीच मला सगळं कळलं होतं.

मनालच्या घोट्याच्या खाली दोन टिपके होते. त्यातून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांकडे तिला उचलून नेली. त्यांनी पाय बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि ह्यांना बाजूला घेऊन बोलायला लागले. मी म्हटलं, “मला पण सांगा. पोर माझी पण हाय.”

“याची लस माझ्याकडे नाही,” ते म्हणाले. “राजापूरच्या हॉस्पिटलात आहे, मी फोन करून ठेवतो. पाय हलू देऊ नका, बांधू नका, कापू नका. आणि तिच्या हिरड्या बघत राहा. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर विष रक्तात भिनलं समजा. मग उशीर चालणार नाही.”

एसटी नुकतीच गेली होती. वाडीतली एकुलती जीप वऱ्हाड घेऊन गेलेली. एरवी ह्या दोन्ही गोष्टी कधी जुळून आल्या नसत्या, पण दुष्काळात तेरावा महिना तो हाच. राहिली आमची फियाट. हे म्हणाले, “आपली गाडी हाय की. काटा अर्ध्याच्या वर हाय, राजापूरला जाऊन येईल इतका पेट्रोल हाय.” मला त्या क्षणी ह्यांचा आधार वाटला, खोटं कशाला बोलू?

मी मागे बसले, मनालचं डोकं माझ्या मांडीवर, पाय सीटवर लांब. पाण्याची एक बाटली घेतली होती. ऊन रणरणत होतं. पाऊस संपल्यानंतरची आमच्याकडची उन्हं मे महिन्याला लाजवतात. गावाबाहेर पडलो, खाडी मागे राहिली, रस्ता वर सड्याच्या पठाराकडे चढायला लागला. मी दर थोड्या वेळानं मनालला म्हणायची, “दात दाखव गो,” आणि ती ओठ वर करून दाखवायची. स्वच्छ होते. मी मनात दरूद म्हणत होते.

चढ संपत आला आणि गाडीनं गचका दिला. मग आणखी एक. हे पाय दाबत होते, पण गाडीतला जीव निघून चालला होता. रस्त्याच्या कडेला ती शांत उभी राहिली.

“पेट्रोल संपला,” मी म्हटलं.

“काटा बघ. अर्ध्यावर हाय.”

हे खाली उतरले, बॉनेट उघडलं. इंजिनापुढे उभे राहिले की ह्यांना धीर येतो, तो माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता इतकंच. कार्बोरेटरला पेट्रोल नेणारी नळी ह्यांनी काढली आणि मला चावी फिरवायला सांगितली. मी मनालचं डोकं सीटवर ठेवून पुढे गेले, चावी फिरवली. नळीतून पेट्रोलची एक पिचकारी आली, मग थेंब, मग काहीच नाही.

“पंपात पेट्रोलची वाफ झाली,” हे म्हणाले. “ऊन केवढा हाय! पंप थंड करायला पायजे. पाणी दे.”

“ते मनालचं हाय.”

“आसिया, दे.”

दिलं. जुन्या फडक्यावर ओतून ह्यांनी ते फडकं पंपावर धरलं, वरून पुन्हा ओतलं. मनाल मागून बघत होती. तिला तहान लागली होती, ती ओठांवरून जीभ फिरवत राहिली. पाणी चर्र चर्र करत रस्त्यावर गेलं आणि मी ह्यांच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. थोडा वेळ गेला. ह्यांनी चावी फिरवली आणि गाडी चालू झाली.

“बघितलंस?” हे म्हणाले.

बघितलं. आणि अल्लाचे आभारही मानले, कारण त्या वेळी मी कुणाचेही आभार मानले असते.

सड्यावर आलो. आमच्या सड्यावर पावसाळ्यात फुलं असतात, लोक कौतुकानं बघतात. त्या दिवसांत तिथं फक्त वाळत चाललेलं गवत आणि काळा कातळ. घर नाही, झाड नाही, मोबाइलचं तर नावच नको, तो तेव्हा होता कुणाकडे? रस्ता सरळ होता आणि त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी म्हटलं, “दात दाखव.” मनालनं ओठ वर केला. वरच्या दोन दातांच्या मधोमध एक लाल रेघ होती, पेन्सिलनं ओढावी इतकी बारीक.

मी ती बोटानं पुसली. पुन्हा आली.

“काय झाला?” हे आरशातून बघत म्हणाले.

“काय नाय. जरा जोरात चला.”

आणि तेवढ्यात गाडीनं तो ओळखीचा गचका दिला.

भीतीबद्दल लोक काय काय सांगतात, अंगावर काटा येतो, घाम फुटतो. मला तसं काही झालं नाही. मला एकदम सगळं स्पष्ट दिसायला लागलं. गवताची पाती, मनालच्या कानातला बारीक मोती, ह्यांच्या मानेवरचं ग्रीस. आणि हे सगळं उद्याही असंच असेल, फक्त मनाल नसेल, असं मला वाटलं. ते वाटणं इतकं खरं होतं, की मी तिचा हात घट्ट धरला आणि ती म्हणाली, “अम्मी, दुखतंय.”

गवत कापून भारा डोक्यावर घेतलेला एक माणूस कातळावरून येत होता. जवळ आल्यावर ओळखला, रावजी. आमच्याकडे कधीकधी शाकारणीला यायचा. भारा खाली टाकून पळत आला.

“फारुकभाय, काय झाला वो?”

“गाडी बंद पडली. पोरीला फुरसा चावलाय.”

रावजीनं मनालकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. हे परत बॉनेटमध्ये शिरले होते. आता पंपावर ओतायला पाणी नव्हतं. ह्यांनी पंप उघडला, त्यातली जाळी बघितली. स्वच्छ. आतला पडदा बघितला. धड. परत बसवला. मग टाकीकडून येणारी नळी सोडवली, तोंडात धरली आणि ओढायला लागले. गाल आत गेले, मानेच्या शिरा फुगल्या. पेट्रोल आलं नाही. तोंडातून नळी काढून हे थुंकले.

“पलीकडून कोण ओढतो तसा वाटता,” हे म्हणाले. “नळी तुंबली. गंजाचा कचरा असंल.”

मग उलट्या दिशेनं जोरात फुंकर मारली. एकदा, परत एकदा, डोळे लाल होईपर्यंत. नळी लावली, चावी फिरवली. गाडी चालू.

“कचरा गेला,” हे म्हणाले. पण या वेळी “बघितलंस?” म्हणाले नाहीत.

रावजी न विचारताच पुढच्या सीटवर बसला. ढकलायला माणूस लागेल म्हणाला. ह्यांनी मान हलवली. गाडी निघाली. हे जोरात नेत नव्हते, आणि मला आधी राग आला, मग कळलं की हे गाडीचा आवाज ऐकत चाललेत. आम्ही सगळेच आवाज ऐकत होतो. मनालनं मध्येच माझ्या ओढणीत थुंकलं. लाल होतं. तिनंही ते बघितलं. त्याआधी ती घाबरली नव्हती, किंवा आमच्यासाठी तसं दाखवत होती. आता ती माझ्याकडे बघून रडायला लागली, आवाज न करता.

“अम्मी, मी मरणार काय?”

“गप. काय बोलतेस?” मी म्हटलं. माझा आवाज इतका कडक होता की रावजीनं मागे वळून बघितलं.

दोन वळणं गेली असतील नसतील, गाडी तिसऱ्यांदा थांबली.

या वेळी हे लगेच उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मी ह्यांना तेव्हा वीस वर्षं ओळखत होते. वादळाच्या, जहाजावरच्या आगीच्या गोष्टी हे हसत सांगतात. त्या दिवशी मी ह्यांच्या पाठीकडे बघून ओळखलं की आता ह्यांच्याकडे उपाय नाही. ह्यांना काही सुचत नाही, हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि फुरशाइतकीच मला त्याची भीती वाटली.

रावजी हळूच म्हणाला, “भाभी, हितनं खाली वाट जाता. आमच्या वाडीत लवू हाय. पाला लावतो, इष उतरतो. लांब नाय. पोरीला मी पाठीवर घेतो.”

“नाय,” हे म्हणाले. “पाल्यानं हा उतरत नाय. हिला सुईच पायजे.”

“सुई हाय कुठं?” मी ओरडले. “सुई राजापुरात, आणि आपण हितं!”

एरवी मी असल्या झाडपाल्यावर विश्वास ठेवणारी नाही. शेजारची गोदूबाई दृष्ट काढायला येते तर मी तिला चहा पाजून परत पाठवते. पण त्या सड्यावर मला लवूचा पालाही चालला असता, राखणदार देवचाराला ठेवलेला नारळही चालला असता. कुणीतरी हो म्हणावं, तुझी पोर वाचेल म्हणावं, इतकंच हवं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा असतो. काडी आहे हे दिसत असतं, तरी हात जातोच.

मी मनाशी ठरवलं. पेट्रोल असेल तर आणखी थोडा वेळ ह्यांना देते. पेट्रोलच संपलं असेल, तर इथं बसण्यात काही अर्थ नाही. मग पोरीला रावजीच्या पाठीवर घालून मी खाली जाणार, हे काही म्हणोत.

“पेट्रोल संपलाय,” मी म्हटलं.

“आसिया, काटा—”

“काटा गेला खड्ड्यात! तो काटा जन्मभर खोटा बोलला. एका आठवड्यात लगेच खरा बोलायला लागला?”

“मी सोता बसवलाय.”

“म्हणूनच!”

मी उतरून गाडीच्या मागे गेले. हीर नव्हती, पण नाकाला वास तर येईल, हलवून आवाज तर येईल. झाकणाला हात घातला.

“त्याला हात लावू नको,” हे धावत आले. “पॅकिंग बिघडंल.”

“माझी पोरगी बिघडत्येय!”

झाकण निघत नव्हतं. ग्रीसनं हात घसरत होते. मी ओढणीचं टोक, ज्यात मनालचं रक्त होतं, ते झाकणाभोवती गुंडाळलं आणि सगळा जोर लावला. झाकण तसूभर फिरलं. आणि गाडीनं श्वास घेतला.

दुसरा शब्द माझ्याकडे नाही. घट्ट बसलेली लोणच्याची बरणी उघडताना होतो तसा आवाज, पण लांबलचक. फुस्स करून हवा बाहेर आली नाही, आत गेली. आत जातच राहिली. टाकीचा पत्रा आतल्या आत कडकड वाजला. मला वाटलं, झालं, उरलंसुरलं पेट्रोलही उडून गेलं, आणि मी तिथंच रस्त्यावर मटकन खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले.

हे जागच्या जागी उभे होते. मग वाकले, माझ्या हातातून झाकण घेतलं, उलटं केलं. आतल्या पांढऱ्या लांबीवर एके ठिकाणी नखानं खरवडलं. खाली टाचणीएवढं भोक होतं, लांबीनं बुजलेलं. हे त्या भोकाकडे बघत राहिले. उन्हात उभ्या माणसाचा चेहरा असा पांढरा होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

“काय हाय ते?” मी विचारलं.

ह्यांनी झाकण हातातच ठेवलं, टाकीचं तोंड तसंच उघडं, त्यात खिशातला रुमाल सैलसर खोचला. आणि म्हणाले, “बस गाडीत.”

चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. पुढं ती गाडी कुठं अडखळली नाही. चढावर नाही, उतारावर नाही. मागं पेट्रोलचा वास येत होता, मनालला मळमळत होतं, आणि हे गाडी अशी नेत होते की रावजी दरवाज्याला धरून डोळे मिटून बसला होता. काटा अर्ध्याच्या किंचित खाली होता. निघाल्यापासून खरंच बोलत होता तो.

राजापूरला डॉक्टर वाटच बघत होते. मनालच्या दंडातून थोडं रक्त काढून त्यांनी काचेच्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. ते रक्त गोठायला हवं होतं. थोड्या वेळानं नर्सनं नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं कडेला वाहिलं. लस लावली. पुन्हा रक्त, पुन्हा नळी, पुन्हा ते पाण्यासारखं. पुन्हा लस. मी नमाज पढायला जागा मागितली तर तिथंच कोपऱ्यात चादर अंथरून दिली त्यांनी, पण माझं लक्ष दुआत नव्हतं, टेबलावरच्या नळीकडे होतं. गुन्हा असेल तर असो.

ह्यांनी त्या वेळात मला सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं मी. बाकावर शेजारी बसून, समोर भिंतीकडे बघत हे बोलत होते. टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत यावी लागते. नाही आली तर टाकीच पेट्रोल धरून ठेवते, पंपाला सोडत नाही. म्हणून थांबलो की जराशी हवा कुठून तरी शिरायची आणि गाडी चार पावलं चालायची. पंप तापला नव्हता. कचरा नव्हता. फुंकर मारली तेव्हा ह्यांच्या तोंडची हवा टाकीत गेली, तेवढ्यापुरतीच गाडी चालली.

“जहाजावर झाकण घट्ट असता,” हे म्हणाले, “पण प्रत्येक टाकीला श्वासाची वेगळी नळी असता. डेकवर सगळीकडे त्या वाकड्या मानेच्या नळ्या. रोज बघतो मी. फियाटला ती नळी नाय. झाकणातला भोक हाच तिचा श्वास. आणि मी तोच बुजवला.” मग थोड्या वेळानं, “तो तर मला झोपेत पण कळायला पायजे होता.”

मी फाटक्या तोंडाची बाई आहे. ह्यांनी कपात साखर जास्त घातली तर मी ते आठवडाभर ऐकवते. हे सगळं ऐकून माझ्या तोंडाशी काय काय आलं असेल, विचार करा. पण ह्यांच्या हातात ते झाकण अजून तसंच होतं. इतका वेळ धरून तळहातावर त्याचा गोल वळ उठला होता. मी ते झाकण काढून घेतलं आणि पिशवीत टाकलं.

पहाटेच्या सुमारास नर्सनं नळी तिरकी केली आणि रक्त हललं नाही. तिनं नळी उलटीच धरून आम्हाला दाखवली. घट्ट लागलेल्या दह्यासारखं ते तळाशी चिकटून बसलं होतं. हे उठून बाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं, ते गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून उभे होते.

दुपारी मनाल उशीला टेकून बसली. पाय सुजून लाकडासारखा झाला होता, पण तोंडावर रंग आला होता. डॉक्टर तपासून म्हणाले, आता ठीक आहे, पण लक्ष ठेवा, हिरड्यांतून पुन्हा रक्त दिसलं तर ताबडतोब सांगा. ते गेल्यावर तिनं सहज विचारलं, “अब्बा, गाडीला काय झाला हुता?”

हे तिला पेज भरवत होते. चमचा तसाच राहिला.

मी घाईनं म्हटलं, “पेट्रोलात कचरा होता गो. जुनी गाडी, व्हायचाच.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकणार नाही. मग ह्यांनी वाटी खाली ठेवली.

“कचरा नव्हता,” हे म्हणाले. “मी टाकीचा श्वास बंद केला हुता. झाकण हवाबंद केला, त्यानं गाडी मेली. तुझ्या अब्बाची चूक, मनाल. तू गेली असतीस तर माझ्या हातानं गेली असतीस.”

मला वाटलं, आता पोर रडणार, किंवा गप्प होणार. ती ह्यांच्याकडे बघत राहिली.

“मग उघडला कुणी?” तिनं विचारलं.

“तुझ्या आयशीनं. पेट्रोल संपला म्हणून भांडायला गेली हुती.”

“म्हणजे अम्मी भांडली म्हणून मी जगले?” मनाल म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. आजारी माणसाचं कसनुसं हसू नव्हे. पोट धरून, मान मागं टाकून, शेजारच्या खाटेवरच्या बाईनं वळून बघावं असं. किती तासांनी तिचा तो आवाज ऐकला होता आम्ही!

पण आम्ही हसलो नाही. हे एका बाजूनं वाकले होते, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही दोघंही श्वास रोखून तिचे दात बघत होतो.